दसऱ्याला न झाडलेली बंदूक

आमच्या नाशिकच्या घरात शस्त्र म्हणून जे काही होतं ते विळी आणि नारळ फोडायचा कोयता. वडील पोस्टात, आजोबा शाळामास्तर. शिकार म्हणजे त्यांच्या लेखी संस्थानिकांचे चोचले. त्यामुळे कतारमध्ये आल्यावर एका घराच्या बैठकीत भिंतभर टांगलेल्या जुन्या शिकारी रायफली पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा मी दचकलो आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. जीव घेणारी वस्तू माणूस हौसेनं तेलपाणी करून का जपतो, हे मला कळेना. आजही पूर्ण कळलंय असं नाही.

ते घर माझ्या पहिल्या साहेबांचं. सगळे त्यांना हाज्जी म्हणत, आपल्याकडे एखाद्याला गावभर अण्णा म्हणतात तसं. मेसईदच्या कारखान्यात मी तपासनीस म्हणून लागलो तेव्हा ते तिथे सुपरवायझर होते. माझं काम तडे शोधायचं. पाइप, टाक्या, क्रेनचे हूक, वेल्डिंगचे सांधे, वरून धडधाकट दिसणाऱ्या लोखंडात कुठे चीर गेली आहे ते बघायचं आणि मग कुणालाच नको असलेला निकाल द्यायचा. या धंद्यात मित्र फार होत नाहीत. कारखाना खोळंबला की सगळे तपासनिसाच्या नावानं खडे फोडतात. हाज्जींनी मात्र मी नापास केलेली वस्तू दामटून पास करायला मला कधी लावली नाही. वरच्यांचे फोन आले की ते शांतपणे म्हणत, “वो बोला नहीं, तो नहीं.” एवढ्या वाक्यावर मी परदेशात टिकून राहिलो.

ते निवृत्त झाले तरी येणंजाणं राहिलं. अल गराफात त्यांचा व्हिला आणि आमचं भाड्याचं घर यांच्यात दोनच गल्ल्या. माझी मुलगी त्यांच्या अंगणात खेळत मोठी झाली आणि मराठीच्या आधी तिला तिथले खजुराचे प्रकार ओळखता येऊ लागले. हाज्जींचं हिंदी अगाध होतं. स्त्रीलिंग-पुल्लिंग असा भेदभाव त्यात नव्हता. पण त्या हिंदीत ते रायफलींबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. ही कुठल्या व्यापाऱ्याकडून घेतली, हिचा दस्ता अक्रोडाचा, हिची नळी कशी वाकडी निघाली. प्रत्येकीचा परवाना वेगळ्या पाकिटात. त्याबाबतीत ते कारखान्यात होते तसेच घरीही होते.

रायफली जमवल्या त्या नातवंडांना द्यायला. त्याचीही त्यांच्या घरात एक रीत होती. नातू शिकून मोठा झाला की आजोबा त्याला शहराबाहेरच्या आपल्या शेतावर नेत. तिथे मातीच्या उंच बांधासमोर त्या रायफलीची एक गोळी झाडायची. मग आजोबांच्या समोर बसून नातवानं ती स्वतः साफ करायची. त्यानंतर ती त्याची. गोळी झाडल्याशिवाय रायफल दिली असं होत नसे. थोरल्या नातवांना त्यांच्या त्यांच्या मिळाल्या होत्या. राहिला होता धाकटा, आणि भिंतीवर राहिली होती सगळ्यांच्या वरची, हाज्जींच्या वडिलांची.

तिला कुणी हात लावायचा नाही. वडिलांनी त्या रायफलीनं हरणं मारली, हाज्जींनी तरुणपणी मारली, आणि मग हरणंही संपली नि तीही भिंतीवर गेली. धाकटा नातू शाळेत असल्यापासून तीच मागत होता. परदेशातून इंजिनियर होऊन आला, तेव्हा हाज्जींनी दिवस ठरवला शुक्रवार. मला फोन आला, मुलीला घेऊन ये. ती कॉलेजच्या नेमबाजी क्लबात वर्षभर जात होती, याचं त्यांना फार कौतुक होतं.

तो शुक्रवार नेमका दसरा होता.

सकाळी आम्ही घरी पूजा केली. माझं लोखंड तपासायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र पाटावर मांडलं. ते कंपनीचं असलं तरी त्या दिवसापुरतं आमचं. शेजारी बायकोचा मिक्सर आणि मुलीचा लॅपटॉप. मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणाऱ्यांपैकी, पण पूजेचा हा एक प्रकार तिला मनापासून आवडायचा. दिसेल त्या वस्तूला गंध लावत सुटायची. दुपारी निघताना गाडीपाशी गेलो तर वाऱ्यानं बॉनेटवरचं कुंकू भुर्रकन उडून शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर. मग तिनं आईची ओल्या कुंकवाची बाटली आणली आणि काडीनं बॉनेटवर ठसठशीत टिळा काढला. उशीर होत होता. बाटली तिनं तशीच जीन्सच्या खिशात टाकली.

शेतावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शामियान्यात हाज्जींचे दोन भाऊ कहवा घेत बसले होते. समोर टेबलावर हिरवं कापड, त्यावर ती रायफल आणि काडतुसांची एक डबी. नातू पांढऱ्याशुभ्र पोशाखात उभा होता आणि त्याला उभं राहवत नव्हतं. लग्नाच्या मांडवात नवरदेवाचं होतं तसं त्याचं झालं होतं.

हाज्जींनी रायफल उचलली. नातवानं हात पुढे केले. आणि हाज्जी वळले ते माझ्या मुलीकडे.

“बच्ची पहले. मेहमान पहले.”

घरच्या मंगल कामात पहिला मान पाहुण्याचा, हा त्यांचा स्वभावच. पण नातवाचा चेहरा पडला. मला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. नको म्हणणं अपमानाचं झालं असतं. मी मुलीला म्हटलं, सांभाळून. तिनं दोन्ही तळवे पुढे केले, हाज्जींनी रायफल त्यांवर आडवी ठेवली. ती क्षणभर रायफलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “वन मिनिट,” रायफल टेबलावर टेकवली, खिशातून बाटली काढली आणि मी तोंड उघडायच्या आत काडतूस बसतं त्या जागी, काळ्या लोखंडावर, कुंकवाचा टिळा काढला.

सकाळपासून ती तेच करत होती. तिच्या डोक्यात त्यापलीकडे काही नव्हतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

 शामियान्यातला हाज्जींचा एक भाऊ उठून उभा राहिला. ज्या घरात पाच वेळा नमाज होते, तिथल्या बापजाद्यांच्या वस्तूला माझ्या मुलीनं पूजेचं कुंकू फासलं होतं, तेही सगळ्यांच्या देखत.  तीस वर्षं या देशात मी देव घरात ठेवला, घंटासुद्धा हळू वाजवली, आणि आज हे. नातू इंग्रजीत मुलीला विचारत होता की तू हे काय केलंस. आवाज चढलेला नव्हता, पण चढायच्या बेतात होता. मुलगी पांढरीफटक पडली होती. मी हिंदी, इंग्रजी आणि मोडक्या अरबीत माफी मागत होतो, आणि कुठल्याच भाषेत ती धड होत नव्हती.

 हाज्जींनी तेलाचं फडकं घेतलं आणि टिळा पुसला. परत एकदा पुसला. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की आज तुमची ईद आहे, मला माहीत आहे, यात रागवायचं काही नाही. उभा राहिलेला भाऊ खाली बसला.  हाज्जींनी डबीतलं एक काडतूस काढलं.

आणि तेव्हा मला ती रेघ दिसली.

टिळा पुसला गेला होता, पण त्याच्या जागी केसाएवढी तांबडी रेघ राहिली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीच नसती. मला मात्र तीस वर्षं तेवढंच दिसत आलेलं आहे. आमच्या कामात लोखंडावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावतात, थोड्या वेळानं पुसून टाकतात आणि वर पांढरी पूड मारतात. लोखंड अखंड असेल तर पूड पांढरीच राहते. तडा असेल तर त्यात शिरून बसलेला रंग पुडीतून वर येतो. माझ्या मुलीनं नकळत त्यातली अर्धी तपासणी केली होती.

पण तो ओरखडाही असू शकत होता. जुन्या लोखंडावर ओरखडे असतातच आणि त्यातही रंग अडकतो. आत्ताच्या आत्ता मी बोललो आणि तो ओरखडा निघाला, तर? आधी मुलीनं कुंकू लावलं, मग बापानं बंदूक खोटी ठरवली, असंच दिसलं असतं. हाज्जींनी आत्ताच सगळं सावरून घेतलं होतं. त्या सावरलेल्यावर मी पुन्हा पाय देणार होतो. मी स्वतःला सांगितलं, कोणीतरी आधी बघितलंच असेल. हे वाक्य कारखान्यात मी दुसऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझं मलाच ते मनात आलेलं बघून कसंतरी झालं.

काडतूस आत गेलं. नातू आजोबांचा मान ठेवून मुलीला बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, कसा पुढे ढकलायचा ते दाखवत होता. तिनं दस्ता खांद्याला लावला आणि गाल टेकवला. तिच्या गालापासून ती रेघ वीतभर अंतरावर होती.

“रुको,” मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही, म्हणून मी पुढे झालो आणि नळीच धरली, बांधाकडे तोंड ठेवून. “हाज्जी, रुको. गोळी निकालो.”

काडतूस निघालं, रायफल टेबलावर परत आली, पण नातवाचा आता तोल गेला. तो मला म्हणाला की आधी आमच्या पणजोबांच्या वस्तूवर डाग पाडलात आणि आता तोच डाग दाखवून ती खराब म्हणता. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी हाज्जींकडे पाहिलं आणि थोडं पेट्रोल आणि थोडा मैदा मागितला. मैद्याचं कारण त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतः स्वयंपाकघराकडे हाक मारली.

पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं मी ती जागा पुसली. रेघ गेली. नातवानं नाकानं एक आवाज केला. रोट्यांच्या डब्यातला मैदा मी चिमटीनं वर भुरभुरवला आणि वाऱ्याला पाठ करून उभा राहिलो. मैदा पांढरा होता. आणखी थोडा वेळ गेला, तरी पांढराच होता. भावांपैकी एकानं अरबीत काही म्हटलं, दुसरा हसला. नातवानं “सी?” म्हणून हात पुढे केला. मी म्हटलं, थांब. आमच्या कामात थांबणं हीच तपासणी असते आणि तेच कुणाला जमत नाही. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मलाही वाटत होतं की ओरखडाच निघावा. माझी फजिती व्हावी, हसं व्हावं, मुलीला घेऊन मान खाली घालून घरी जावं आणि हे सगळं संपावं.

मग मैद्यात एक गुलाबी ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. ते जोडले गेले, गडद झाले आणि त्यांची रेघ झाली, आधीच्यापेक्षा लांब. लोखंडावरून उतरून ती लाकडी दस्त्याच्या खाली कुठेतरी जात होती.

हाज्जींनी चष्मा लावला. अशा शेकडो रेघा त्यांनी माझ्याबरोबर वाकून पाहिल्या होत्या. त्यांना वाचून दाखवायची गरज नव्हती. ते सरळ झाले आणि मला वाटलं की झालं, आता मिटलं. पण त्यांनी काडतूस पुन्हा हातात घेतलं.

“मैं मारेगा,” ते म्हणाले. “ये मेरा बाप का है. मेरे को कुछ नहीं करेगा.”

बापाची आहे म्हणून काही करणार नाही, असं बोलणारा माणूस माझे साहेब असतील यावर माझा विश्वास बसेना. मी त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये उभा राहिलो. ते म्हणाले बाजूला हो. मी झालो नाही. ते माझ्या अंगावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. हे माझं शेत, माझी बंदूक, तू कोण? मला त्याचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक होतं. कारखान्यात वापरायचो तोच शब्द मी वापरला.

“हाज्जी, रिजेक्ट.”

 त्यांच्या वडिलांबद्दल कुणी वाईट बोलल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मागे मुलगी उभी होती. रडता रडता तिनं गाल पुसले होते आणि बोटांचं कुंकू एका गालाला लागलं होतं. उजव्या, दस्त्यावर टेकवला होता त्याच. हाज्जींनी काडतूस टेबलावर ठेवलं आणि तिथेच वाळूत बसले.

“मैं बच्ची का मुँह के पास क्या रखा था,” ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही.

नातू त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. पण रायफल त्याला हवी होती आणि का नसावी? तो त्यांना समजावत होता की मला ही तशीच द्या, मी भिंतीवर टांगेन, कधीही झाडणार नाही. वचन देतो म्हणाला. मला ते पटलं. मी म्हटलंसुद्धा की बोल्ट काढून ठेवला तर हरकत नाही, शोभेला राहील.

हाज्जींनी नकारार्थी मान हलवली. “तुम याद रखेगा,” ते नातवाला म्हणाले, आणि मला समजावं म्हणून हिंदीतच म्हणाले. “तुम्हारा बेटा? उसका बेटा? कोई एक दिन उठाएगा, बोलेगा ये हमारा बड़ा बाप का है, और मारेगा.”

 कारखान्यात नापास झालेली साखळी किंवा हूक आम्ही नुसता बाजूला ठेवत नाही. बाजूला ठेवलेली वस्तू महिन्याभरात कुणीतरी नड म्हणून उचलतो. म्हणून ती तिथल्या तिथे कापायची, पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नये अशी. हा नियम तिकडे जितका कडक पाळला जायचा, तो हाज्जींमुळेच.

त्यांनी परवान्याच्या कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. बराच वेळ बोलणं झालं, फोटो काढून पाठवले गेले, शेवटी कापायची परवानगी मिळाली. तोवर नातवानं स्क्रू काढून दस्ता सोडवला होता. लाकडाखाली ती रेघ चांगली बोटभर पुढे गेलेली निघाली. नातवानं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. 

शेतावर पाइप कापायचा ग्राइंडर होता. हाज्जींनी तो मागवला आणि नातवाच्या हातात दिला. नातू दोन पावलं मागे सरला. मी नाही, म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं, यांना सांगा, यांचं कामच आहे. खरं म्हणजे माझंच काम होतं ते, आणि मी पुढेही झालो. हाज्जींनी मला हातानंच थांबवलं.

“मैं नहीं काट सकता,” ते नातवाला म्हणाले. “तुम.”

नातवानं ग्राइंडरसोबतचा चष्मा लावला, हातमोजे घातले. हाज्जींनी नळी टेबलावर आडवी धरली. मी म्हटलं शिकंज्यात लावू, ठिणग्या उडतील, हात भाजेल. त्यांनी ऐकलं नाही. मी गाडीतले माझे हातमोजे आणून जबरदस्तीनं त्यांच्या हातात चढवले, तेवढं मात्र करू दिलं. ग्राइंडर सुरू झाला. मुलीनं कान झाकले. मी झाकले नाहीत, तो आवाज मी आयुष्यभर ऐकलाय. पण लोखंडाबरोबर माणसाचं काही कापलं जाताना मी पहिल्यांदा पाहत होतो आणि मला रडू आलं. कुणी बघेल याची लाज वाटली नाही. काडतूस बसतं तिथेच, त्या रेघेवरच नातवानं पातं धरलं. लोखंड जुनं असलं तरी कडक होतं, त्याला वेळ लागला. मध्येच त्यानं हात थांबवून आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी फक्त पकड घट्ट केली. मग त्यानं पुन्हा पातं लावलं.

तुकडा सुटला आणि टेबलावरून खाली पडला. ग्राइंडर बंद झाल्यावर शेतावर इतकी शांतता झाली की शामियान्याचं कापड वाऱ्यानं हलतंय तेही ऐकू येत होतं. हाज्जी आपल्या बाजूची नळी तशीच धरून उभे होते. ती आता नुसती लोखंडाची नळी होती, पण त्यांचे हात काही उघडेनात. भावांनी हाक मारली, तरी नाही. नातवानं ग्राइंडर खाली ठेवला, चष्मा काढला आणि आजोबांचं एकेक बोट हळूहळू सोडवलं. नळी आपल्या हातात घेतली आणि ती छातीशी धरली.

“खलास, यद्दी,” तो आजोबांना म्हणाला. “वस्लत.”

एवढं अरबी मला येतं. पोचली मला, असं म्हणाला तो.